प्रौढ साक्षरता शिक्षकांचे प्रशिक्षण आणि आजीवन अध्ययन

प्रौढांना वाचन, लेखन व अंकज्ञान शिकवणाऱ्या स्वयंसेवकांची, प्रेरकांची (गावातील साक्षरता केंद्र मानधनावर चालवणाऱ्यांची) आणि शिक्षकांची त्या कामासाठी करून घेतली जाणारी तयारी व काम चालू असताना त्यांच्या ज्ञानात आणि कौशल्यात पडत जाणारी भर, असा या संज्ञेचा आशय आहे. शाळेत शिकवू इच्छिणाऱ्याला डी.एड., बी.एड. अशी ठरलेली वाट असते. प्रौढ साक्षरतेच्या क्षेत्रात तशी वाट भारतात रुळली नाही. गावातली बारावी झालेली सून, निवृत्त गुरुजी, महाविद्यालयीन विद्यार्थी किंवा अंगणवाडी सेविका हेच बहुधा शिकवण्यासाठी पुढे येतात, तेही विनामोबदला किंवा तुटपुंज्या मानधनावर. त्यामुळे त्यांना जे काही थोडे प्रशिक्षण मिळते, तेच त्यांचे अध्यापनशास्त्र ठरते, आणि वर्गाचे यशापयश मोठ्या प्रमाणावर त्यावर अवलंबून राहते.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा जुनी आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी 1855 मध्ये पुण्यात शेतकरी व कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. मुंबईत 1939 मध्ये प्रौढ शिक्षणासाठी शहर समिती स्थापन झाली. पुढे ती मुंबई शहर समाजशिक्षण समिती म्हणून ओळखली जाऊ लागली. अमेरिकन शिक्षणकार्यकर्त्या वेल्दी फिशर यांनी 1953 मध्ये अलाहाबादला सुरू केलेले आणि 1956 मध्ये लखनौला हलवलेले साक्षरता निकेतन हे शिकवणाऱ्यांच्या प्रशिक्षणालाच आपले मुख्य काम मानणाऱ्या देशातील आरंभीच्या संस्थांपैकी एक होते. सातारा जिल्ह्यात 1959 मध्ये सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेने मात्र वेगळा मार्ग धरला. तेथे प्राथमिक शिक्षक आणि गावातील शिकलेली माणसे यांच्यावर भिस्त होती, प्रशिक्षणाचा बडेजाव नव्हता, आणि गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. ही मोहीम राज्यभर पसरली आणि 1972 मध्ये युनेस्कोच्या साक्षरता पुरस्काराची मानकरी ठरली. तिचा वेग थक्क करणारा होता. पण नवसाक्षर पुन्हा निरक्षरतेकडे घसरू नयेत यासाठी समारंभानंतर शिकवणाऱ्याने काय करावे, याची तजवीज तिच्यात अपुरी होती. हीच उणीव पुढच्या प्रत्येक मोहिमेत दिसते.

2 ऑक्टोबर 1978 रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा 15 ते 35 वयोगटातील निरक्षरांसाठी देशभर केंद्रे उघडायची होती आणि त्यांसाठी मोठ्या संख्येने अनुदेशक, म्हणजे केंद्रात शिकवणारे, लागणार होते. साहित्यनिर्मिती आणि प्रशिक्षण ही कामे राज्य साधन केंद्रांकडे आली. महाराष्ट्राचे असे केंद्र पुण्यात भारतीय शिक्षण संस्थेत चालले. जे. पी. नाईक आणि डॉ. चित्रा नाईक यांनी उभारलेल्या या संस्थेने अनौपचारिक शिक्षणाचा विचार संशोधनाच्या अंगाने केला, ही तिची मोठी देणगी होय. प्रौढ हा मोठ्या वयाचे मूल नसून संसार, शेती, बाजार, नातीगोती यांचा जाणता माणूस आहे, आणि त्याच्या अनुभवापासूनच पाठाची सुरुवात झाली पाहिजे, ही भूमिका या काळात प्रशिक्षणाच्या केंद्रस्थानी आली. ब्राझीलमध्ये पाऊलो फ्रेरी यांनी शिकणाऱ्यांच्या जगण्यातले शब्द घेऊन, त्यांवर चर्चा घडवून अक्षरांकडे जाण्याची जी पद्धत रुजवली होती, तिचा प्रभावही भारतीय कार्यकर्त्यांवर पडला.

5 मे 1988 रोजी राष्ट्रीय साक्षरता मिशन स्थापन झाले. केरळातील एर्नाकुलम जिल्हा 1990 च्या आरंभी पूर्ण साक्षर घोषित झाल्यावर संपूर्ण साक्षरता अभियान जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचले. गाणी-नाटकांतून प्रचार करणारे कलाजथे गावोगाव फिरले, जिल्हा साक्षरता समित्या स्थापन झाल्या आणि लक्षावधी स्वयंसेवक पुढे आले. एवढ्या लोकांना थेट शिकवणे कोणत्याही संस्थेला शक्य नव्हते, म्हणून उतरंडीची रचना स्वीकारली गेली: राज्य साधन केंद्राने प्रमुख साधन व्यक्ती घडवायच्या, त्यांनी मुख्य प्रशिक्षकांना शिकवायचे आणि मुख्य प्रशिक्षकांनी गावपातळीवरील स्वयंसेवकांना. या रचनेने संख्या गाठली, पण प्रत्येक पायरीवर आशय पातळ होत गेला. वरच्या शिबिरात गटचर्चा, नाट्यीकरण, पाठाचा सराव असे. खालच्या पायरीवर पोहोचेपर्यंत त्याचे अनेकदा एका दिवसाचे भाषण झालेले असे. ज्याला प्रत्यक्ष वर्ग घ्यायचा होता, त्याच्याच वाट्याला सर्वांत कमी सराव आला.

याच अभियानातील सुधारित पद्धतीत तीन क्रमिक पुस्तिका होत्या, सरावपाठ आणि चाचण्या पुस्तिकेतच गुंफलेल्या होत्या, आणि एकूण अध्ययन सुमारे 200 तासांचे धरले होते. मोठ्याने वाचताना मिनिटाला 30 शब्द, श्रुतलेखनात मिनिटाला 5 शब्द असे निकष ठरलेले होते. निकष स्पष्ट असल्याने शिकवणाऱ्यालाही आपण कोठे पोहोचलो हे कळत असे. मात्र तेथपर्यंत जाताना येणाऱ्या अडचणी पुस्तिकेत नसतात. मराठीतले अंक हे त्याचे चांगले उदाहरण आहे. ‘बेचाळीस’ म्हणताना एककाचा उच्चार आधी येतो, त्यामुळे कानाला ऐकू आले त्याच क्रमाने लिहिणारी बाई 24 लिहिते; ‘एकोणतीस’ ऐकून 39 लिहिणारेही पुष्कळ असतात. याच बाईला बाजारात साडेतीन किलो कांद्याचे पैसे तोंडी अचूक सांगता येतात. नवखा स्वयंसेवक तिला ‘गणित कच्चे’ म्हणून पाढ्यांकडे वळवतो, तर अनुभवी शिकवणारा तिचा तोंडी हिशेबच कागदावर मांडायला घेतो आणि दशक-एककाची घरे आखून देतो. चाळिशीनंतर जवळचे दिसत नाही, म्हणून अक्षर ओळखता येत नाही, हेही अनेक स्वयंसेवकांना वर्ग मध्येच सुटू लागल्यावर उमगते. कोरकू, भिल्ली किंवा गोंडी बोलणाऱ्या वस्तीत प्रमाण मराठीतील पुस्तिका उघडण्यापूर्वी काय करायचे, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांचा वर्ग महिनोन्‌महिने बंद राहिल्यावर पुन्हा कोठून सुरू करायचा, सासू-सून एकाच वर्गात असतील तर कोणाला आधी फळ्यापाशी बोलवायचे, हे प्रश्न पहिल्या शिबिरात कितीही सांगितले तरी खरे वाटत नाहीत. ते पडतात तेव्हाच शिकवणाऱ्याला शिकण्याची खरी गरज असते. म्हणून आरंभीच्या दीर्घ शिबिरापेक्षा काम सुरू झाल्यानंतरच्या नियमित मासिक बैठका अधिक मोलाच्या ठरतात; तरीही खर्चाला कात्री लागते तेव्हा आधी त्याच बंद पडतात.

मानधन असलेल्या प्रेरकांचा अनुभवही असाच आहे. 8 सप्टेंबर 2009 रोजी सुरू झालेल्या साक्षर भारत योजनेत ग्रामपंचायत पातळीवर लोकशिक्षण केंद्रे होती आणि तेथील प्रेरकांना दरमहा 2,000 रुपये मानधन होते. या प्रेरकांनी स्वयंसेवक जमवणे, चाचण्यांना बसण्यासाठी लोकांची मनधरणी करणे, नोंदी ठेवणे ही सारी कामे शिकून घेतली. मार्च 2018 अखेर योजना संपली आणि त्यांचे काम थांबले. वर्षानुवर्षे कमावलेले कौशल्य कोणत्याही प्रमाणपत्राविना गावातच राहिले, हे या क्षेत्राचे फार मोठे नुकसान आहे.

सध्याचा नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजेच ‘उल्लास’, 2022 ते 2027 या काळासाठी असून 15 वर्षे व त्यावरील निरक्षरांसाठी आहे. पायाभूत साक्षरतेबरोबर जीवनकौशल्ये, व्यवसायकौशल्ये, मूलभूत शिक्षण आणि निरंतर शिक्षण असे त्याचे पाच घटक आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये प्रौढ शिक्षण व आजीवन अध्ययन यांना स्वतंत्र प्रकरण मिळाले, त्याचा हा परिणाम होय. कार्यक्रम पूर्णपणे स्वयंसेवकांवर उभा आहे आणि साहित्य व प्रशिक्षण ‘दीक्षा’ व ‘उल्लास’ यांसारख्या शासकीय डिजिटल मंचांवरून मोबाइलवर देण्याचा त्यात प्रयत्न आहे. महाराष्ट्रात 2023 मध्ये निरक्षरांचे सर्वेक्षण अशैक्षणिक काम असल्याचे सांगून शिक्षक संघटनांनी त्यावर बहिष्कार टाकला होता; त्यानंतर 17 मार्च 2024 रोजी राज्यात पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान चाचणी झाली. वाचन, लेखन व संख्याज्ञान यांना प्रत्येकी 50 असे तिचे 150 गुण असतात. मोबाइलवरील चित्रफीत दुर्गम गावातल्या स्वयंसेवकापर्यंत थेट पोहोचते, त्यामुळे उतरंडीत होणारी गळती टळते, हा मोठा लाभ आहे. पण ती त्याचा पाठ पाहत नाही आणि चुकले तेथे थांबवत नाही. त्यासाठी शेजारी बसणारा जाणकार माणूस लागतोच.

आंतरराष्ट्रीय पातळीवर 1949 पासून भरणाऱ्या युनेस्कोच्या प्रौढ शिक्षण परिषदांनी, विशेषतः 2009 च्या बेलेम व 2022 च्या माराकेश परिषदांनी, प्रौढांना शिकवणाऱ्यांच्या व्यावसायिक दर्जाचा आग्रह धरला. जर्मनीतील प्रौढ शिक्षण संस्थांनी युनेस्कोच्या हॅम्बुर्ग येथील आजीवन अध्ययन संस्थेबरोबर अशा शिक्षकांसाठी सामाईक अभ्यासक्रमाचा आराखडाही तयार केला आहे. भारतात ही जबाबदारी काही अंशी विद्यापीठांच्या आजीवन अध्ययन व विस्तार विभागांनी उचलली, परंतु गावातल्या स्वयंसेवकाशी त्यांचा संबंध तुरळकच राहिला. 2023 मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक (क्रेडिट) आराखड्यात अनुभवातून मिळवलेल्या कौशल्यालाही श्रेयांक देण्याची तरतूद आहे. साक्षरता वर्गावर घालवलेले तास त्यात मोजले गेले, तर बारावीवर थांबलेल्या प्रेरक बाईला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारख्या संस्थेतून पदवीकडे जाताना तिच्याच कामाचा आधार मिळू शकेल.