मुंबई–नागपूर : अंतर आणि विमानाचा वेळ

मुंबई ते नागपूर विमानाने सरळ रेषेत साधारण ६८५ किलोमीटर भरतं आणि विमान प्रत्यक्ष हवेत असतं तास-सव्वातास. तिकिटावर मात्र दीड तासाच्या आसपास वेळ दिसतो, कारण तो गेटवरून विमान मागे ढकललं की सुरू होतो आणि नागपूरला जागेवर जाऊन उभं राहिलं की संपतो, मधलं रनवेपर्यंत रांगत जाणं, नंबर लागायची वाट बघणं सगळं त्यातच धरलेलं.

जमिनीवर हेच अंतर वाढतं. रेल्वेने सीएसएमटी ते नागपूर ८३७ किलोमीटर, कारण गाडी कसारा घाट चढून नाशिक, मनमाड, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा असा फेरा घेत जाते, म्हणूनच रात्री बसून सकाळी उतरायचा हिशोब अजून लोकांना सोयीचा वाटतो. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, पण हा आकडा भिवंडीजवळच्या आमणेपासूनचा आहे, दादरहून निघणाऱ्याने ठाण्याचं ट्रॅफिक स्वतःच्या खात्यात धरायचं. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ ला खुला झाला, तेव्हापासून आठ तासांत नागपूर असं म्हणतात.

वेळ खाते ती मुंबई. सांताक्रूझच्या विमानतळाला रनवे दोन आहेत खरे, पण ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येतो आणि संध्याकाळच्या गर्दीत नागपूरहून आलेलं विमान उतरायच्या आधी आकाशात घिरट्या घालत बसतं. त्यात गंमत म्हणजे नागपूर पूर्वेला असलं तरी मुंबईहून विमान बहुतेक वेळा पश्चिमेला, जुहूच्या समुद्राकडे उडतं आणि मग वळून परत शहर ओलांडतं. येताना घाटकोपर-कुर्ल्याच्या छपरांवरून खाली येतं. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात म्हणून जाताना थोडं लवकर, येताना थोडा उशीर, फरक पाच-दहा मिनिटांचाच.

नागपूरचं सोनेगाव विमानतळ त्यामानाने सुटसुटीत, सीताबर्डीला रिक्षाने किंवा मेट्रोने अर्ध्या तासात पोचता येतं. उलट डोंबिवली-वसईकराला नुसतं विमानतळावर पोचायलाच विमानप्रवासापेक्षा जास्त वेळ लागतो, वर तासभर आधी हजर राहायचं ते वेगळंच. दारापासून दारापर्यंत धरलं तर पाच तास सहज जातात.

या मार्गाला जुना इतिहासही आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची, तिथे टपालाच्या पिशव्या आणि प्रवासी अदलाबदल व्हायचे आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या गावी परत. नागपूर देशाच्या मधोमध असल्याचा एवढा सरळ उपयोग नंतर कुणी केला नाही असं वाटतं. १९७३ मध्ये ती टपाल सेवा बंद झाली.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरलं की आमदार, अधिकारी, पत्रकार सगळे याच मार्गावर असतात आणि भाडं चढतं, तेव्हा तिकीट आधीच काढलेलं बरं. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण नागपूरला सूर्य साधारण २५ मिनिटं आधी मावळतो, त्यामुळे मुंबईहून दुपारी उशिरा निघालेल्याला उतरताना अंधारच दिसतो.