इंधन सबसिडी काढण्याचे आर्थिक परिणाम

पेट्रोल, डिझेल, रॉकेल, गॅस यांचा सरकारने दाबून धरलेला भाव हळूहळू किंवा एका रात्रीत खऱ्या खर्चापर्यंत जाऊ देणं म्हणजे इंधन सबसिडी काढणं. विकसनशील देशांत हा नुसता अर्थखात्याचा विषय राहत नाही, कारण डिझेल वाढलं की ट्रकचं भाडं वाढतं, भाडं वाढलं की धान्य-भाजी महागते, म्हणजे ज्याच्या घरात साधी सायकलसुद्धा नाही त्यालाही झळ बसतेच.

सबसिडी काढावी लागते ती मुख्यतः तिजोरीपायी. तेल आयात करणाऱ्या देशात कच्चं तेल महागलं की सबसिडीचं बिल फुगतं, त्यात चलन घसरलं तर दुहेरी मार, आणि शाळा-दवाखान्यांचा पैसा तिकडे वळतो. शिवाय ही मदत जाते कुणाकडे? आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अभ्यासकांनी बऱ्याच विकसनशील देशांचे आकडे तपासले तेव्हा सगळ्यात श्रीमंत २० टक्के लोकांना सगळ्यात गरीब २० टक्क्यांच्या सुमारे सहापट सबसिडी मिळत होती, आणि हे साहजिकच आहे, जो जास्त जाळतो त्याला जास्त मिळते. रॉकेलचं तसं नाही, ते गरिबाच्या चुलीत आणि दिव्यात जातं, म्हणून पेट्रोल आणि रॉकेल एकाच मापाने मोजणं माझ्या मते चूकच.

पण याच अभ्यासाची दुसरी बाजू सांगायची राहून जाते. लिटरमागे पाव डॉलर भाव वाढला तर घरांचं खरं उत्पन्न (म्हणजे महागाई धरून त्या पैशात जेवढं विकत घेता येतं तेवढं) सरासरी ६ टक्क्यांनी कमी होतं, त्यातला निम्म्याहून जास्त फटका इंधनातून थेट बसत नाही, बाकीच्या वस्तू आणि प्रवास महागल्यामुळे बसतो. टक्केवारीत गरीब-श्रीमंत दोघांना जवळपास सारखाच, पण गरिबाकडे ६ टक्के सोडायला असतात कुठे?

स्वस्त इंधन सीमेपलीकडेही पळतं. नायजेरियातलं पेट्रोल शेजारच्या बेनिनमध्ये जायचं, तिथे रस्त्याकडेला टेबलावर काचेच्या बाटल्या आणि मोठे बुधले मांडून विकायचे, लोक त्याला ‘क्पायो’ म्हणतात. मे २०२३ मध्ये नायजेरियाचे अध्यक्ष टिनुबू यांनी शपथविधीच्या भाषणातच सबसिडी संपली असं जाहीर केलं, आणि नायजेरियातला भाव लिटरला २०० नायराच्या (नायरा हे तिथलं चलन) आतून थेट ५०० च्या आसपास गेला तसा बेनिनमधल्या त्या बाटल्यांचा भावही चढला. म्हणजे एका देशाची तिजोरी दुसऱ्या देशाच्या मोटारसायकली चालवत होती.

खरा फरक पडतो तो आधी काय आणि मागून काय, या क्रमामुळे. भाव आज वाढतो आणि फायदा पुढे कधीतरी मिळेल असं सांगितलं जातं, आणि सरकारवर आधीच विश्वास नसेल तर लोक रस्त्यावर येणारच. नायजेरियात जानेवारी २०१२ मध्ये ६५ नायराचं पेट्रोल १४१ वर नेलं, संप झाला, शेवटी ९७ वर यावं लागलं. इक्वेडोरमध्ये ऑक्टोबर २०१९ मध्ये काढलेला सबसिडी बंद करण्याचा आदेश दोन आठवड्यांच्या आत मागे घेतला. इराणने डिसेंबर २०१० मध्ये उलटं केलं, भाव वाढवायच्या आधीच लोकांच्या खात्यात पैसे जमा केले, ते खात्यात दिसायचे पण भाव वाढला त्या दिवशीच काढता यायचे, माणशी महिन्याला ४,५५,००० रियाल. हा पैसा डोळ्यांना दिसला म्हणून पहिला धक्का पचला. पुढे मात्र महागाई वाढत गेली आणि रक्कम तिथेच राहिली, तिची किंमतच उरली नाही, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये पेट्रोलचा भाव अचानक वाढवला तेव्हा लोकांच्या रागाचा मोठा भडका उडाला. भारतात जानेवारी २०१३ पासून डिझेल महिन्याला साधारण ५० पैशांनी वाढवत नेलं आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये जागतिक भाव पडलेले असताना डिझेलच्या भावावरचं सरकारी नियंत्रण पूर्ण उठवलं, ते फारसं कुणाला जाणवलंही नाही.

इंडोनेशियाने २००५ मध्ये भाव दुपटीहून जास्त वाढवले, सोबत गरीब घरांना रोख मदत दिली, आणि २००७ पासून रॉकेलच्या बदल्यात शेगडी आणि ३ किलोचं सिलिंडर फुकट वाटलं, ५ कोटींहून जास्त घरांना. हिरवं गोल म्हणून लोक त्याला ‘मेलॉन’ म्हणतात. रॉकेलच्या सबसिडीचा खर्च खूप उतरला, पण ते सिलिंडर कुणीही विकत घेऊ शकत होतं, त्यामुळे बरी परिस्थिती असलेली घरं पण त्यावर आली, आणि गॅसच्या सबसिडीचं बिल वर्षागणिक वाढत गेलं.