ग्रीन बाँड काढला म्हणजे कंपनी हिरवी झाली?

नवी मुंबईतल्या ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरांचा, म्हणजे सर्व्हरनी भरलेल्या इमारतींचा, विषय निघाला की लोकलमध्ये कुणीतरी ठोकून देतंच, ‘अहो, ग्रीन बाँड काढलाय त्यांनी, म्हणजे प्रदूषण शून्य!’ तसं नसतं. हिरवा असतो पैशाचा वापर, कंपनी नव्हे. बाँड म्हणजे शेवटी कर्जच, व्याजासकट फेडायचं. फक्त तो पैसा सौरऊर्जा, कमी वीज खाणारी कूलिंग यंत्रणा अशा ठरलेल्या कामांतच घालायचा आणि कुठे घातला ते सेबी या बाजार नियामकाच्या नियमांप्रमाणे जाहीर करायचं. बाकीचा कारभार, बॅकअपच्या डिझेल जनरेटरांसकट, जसाच्या तसा राहू शकतो! ॲपलने २०१६ मध्ये दीड अब्ज डॉलरचा ग्रीन बाँड काढला, तोही ठरावीक प्रकल्पांसाठीच होता.