टायटेनियमचा बोल्ट आणि एक सरकती सीमा

जून २०२४ मध्ये एक बातमी जगभर झळकली. बोइंग आणि एअरबस यांच्या काही विमानांच्या भागांत खोट्या कागदपत्रांसह आलेले टायटेनियम वापरले गेले होते आणि अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने त्याची चौकशी सुरू केली होती. तोवरच्या चाचण्यांत मिश्रधातू योग्यच असल्याचे दिसते, असे बोइंगने सांगितले. त्यावर माझ्या ओळखीतल्या अभियांत्रिकी शिकलेल्या काही जणांनीही विचारले, की धातू बरोबर आहे ना, मग कागदाचे एवढे काय? या प्रश्नाचे उत्तर मला नेहमी टायटेनियमच्या बोल्टमध्ये सापडते. मिश्रधातूचे नाव हे आडनावासारखे असते. त्यावरून घराणे कळते, माणूस कळत नाही.

विमानाच्या बोल्टसाठी सर्वाधिक वापरात असलेल्या टायटेनियमच्या मिश्रधातूत ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असते. त्याची घनता पोलादाच्या निम्म्याहून थोडीच जास्त आहे, तरी उष्णोपचारानंतर त्याच्या बोल्टने छेदाच्या दर चौरस मिलिमीटरमागे सुमारे ११० किलो वजनाचा ताण पेलावा, अशी अपेक्षा असते. शिवाय बोइंग ७८७ सारख्या विमानाचा वजनाने जवळजवळ निम्मा भाग कार्बन तंतूंच्या संमिश्राचा आहे. त्याला चिकटून ॲल्युमिनियम ठेवले आणि ओलावा मिळाला, तर ॲल्युमिनियम गंजत जाते. टायटेनियमला तो त्रास होत नाही.

असा बोल्ट जाड सळईतून कातून काढत नाहीत. वायरचा तुकडा कापतात, त्याचे टोक इंडक्शन कॉइलमध्ये, म्हणजे विजेच्या वेटोळ्यात, काही सेकंदांत लाल करतात आणि डायमध्ये, म्हणजे साच्यात, ठोकून त्याचे डोके घडवतात. या कामाला हेडिंग म्हणतात. ठोकल्यामुळे धातूचे तंतुमय प्रवाह दांड्यातून डोक्यात वळत जातात, कातल्यावर ते तुटले असते. हे सारे करताना टोक किती तापवायचे, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर यंत्राच्या पुस्तिकेत नसते, ते त्या विशिष्ट वायरमध्ये असते.

टायटेनियमच्या अणूंच्या मांडणीचे दोन प्रकार आहेत. कमी तापमानाला ते षट्कोनी रचनेत घट्ट बसतात, तिला अल्फा म्हणतात. जास्त तापमानाला ते घनाच्या कोपऱ्यांवर आणि मध्यावर बसतात, ती बीटा. षट्कोनी रचनेत अणूंचे थर एकमेकांवरून घसरायला मोजकेच मार्ग असतात, म्हणून अल्फा ताठर. बीटामध्ये मार्ग पुष्कळ, म्हणून ती मऊ. शुद्ध टायटेनियममध्ये हा बदल ८८२ अंश सेल्सिअसला होतो. आपल्या मिश्रधातूत अल्फा आणि बीटा बऱ्याच मोठ्या पट्ट्यात एकत्र नांदतात आणि साधारण ९९५ अंशांच्या आसपास शेवटचा अल्फा कण विरघळतो. या तापमानाला बीटा सीमा म्हणू या.

या सीमेच्या पलीकडे धातू ठोकायला सोपा जातो, म्हणून तिकडे जाण्याचा मोह होतो. पण सीमेच्या अलीकडे अल्फाचे कण बीटाच्या कणांमध्ये पाचरीसारखे बसलेले असतात आणि बीटाला वाढू देत नाहीत. शेवटची पाचर निघाली की बीटाचे कण झपाट्याने एकमेकांना गिळत मोठे होतात. नंतर धातू थंड झाला की त्या मोठ्या कणांच्या पोटात अल्फाचे लांब, समांतर पापुद्रे तयार होतात. अशा रचनेची लवचिकता घटते आणि वारंवार कमीजास्त होणाऱ्या ताणाखाली तिच्यात चीर लवकर सुरू होते. म्हणून हेडिंग सीमेच्या खाली, पण धातू भेगाळणार नाही इतक्या वर करावे लागते.

आता कच्च्या मालाची गोष्ट येते, कारण ही सीमा सरकती आहे. ॲल्युमिनियम, ऑक्सिजन आणि नायट्रोजन तिला वर ढकलतात; व्हॅनेडियम, लोह आणि हायड्रोजन खाली ओढतात. मानकानुसार या मिश्रधातूत ऑक्सिजन कमाल ०.२० टक्के चालतो. म्हणजे ०.१२ टक्क्यांची वायर आणि ०.१९ टक्क्यांची वायर, दोन्ही नियमात बसतात, दोन्हींचे नाव एकच, पण ऑक्सिजनमधल्या एवढ्याशा फरकानेच त्यांच्या सीमांत साधारण दहा अंशांचे अंतर पडू शकते. ॲल्युमिनियम आणि लोहातला फरक त्यात आणखी भर घालतो. शिवाय ऑक्सिजनचे लहान अणू टायटेनियमच्या अणूंमधल्या फटीत अडकून थरांची घसरण रोखतात. त्यामुळे जास्त ऑक्सिजनची वायर अधिक बळकट असते, मात्र ठोकताना ती कमी ऐकते.

दहा अंश म्हणजे किरकोळ, असे वाटेल. पण टायटेनियमची उष्णतावाहकता साध्या पोलादाच्या सुमारे सातव्या भागाइतकीच आहे. ठोका सेकंदाच्या छोट्याशा अंशात संपतो, आणि धातूचा आकार बदलण्यात खर्ची पडलेल्या कार्यापैकी सुमारे ९० टक्क्यांची उष्णता होते. ती पसरायला वेळ मिळत नाही. डोके घडताना जिथे धातू सर्वाधिक घसरतो, तिथे तापमान पन्नास अंशांहून अधिकही चढू शकते. तापलेला भाग मऊ होतो, मऊ झाल्यामुळे पुढची सगळी घसरण तिथेच गोळा होते, आणि ती जागा आणखी तापते. काट्याने ९५० अंश दाखवले तरी डोक्याच्या आतला एक अरुंद पट्टा सीमा ओलांडून परत आलेला असतो. असा बोल्ट उभा चिरून, घासून, चकचकीत करून त्यावर हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक आम्लांचे सौम्य मिश्रण लावले की सूक्ष्मदर्शकाखाली दांड्यातून वर येणाऱ्या प्रवाहरेषा दिसतात, आणि डोक्याखालच्या कोपऱ्यातून तिरका गेलेला तो पट्टाही वेगळा ओळखू येतो.

वायरमधील कणांचा आकारही तितकाच महत्त्वाचा आहे. भाकरीचे पीठ नीट मळले नसेल तर थापताना कडा फाटतात. पापुद्र्यांची रचना शिल्लक असलेली वायर ठोकली तर डोक्याची कडा तशीच फाटते. वायर बनवतानाच धातूवर सीमेखाली भरपूर काम करून ते पापुद्रे गोलसर कणांत मोडावे लागतात. हेडिंगच्या एक-दोन ठोक्यांत ही उणीव भरून निघत नाही, आणि दांड्याला तर हेडिंगचा ठोका लागतच नाही. त्यातली कणरचना मुख्यतः वायरच्या इतिहासातूनच येते.

पृष्ठभागाचे गणित सोपे आहे. ६ मिलिमीटर व्यासाच्या दांड्यावर १० मिलिमीटरचे डोके घडवायचे, तर १८.८ मिलिमीटरचा परीघ ३१.४ मिलिमीटर होतो. वायरवर लांबीच्या दिशेने केसाएवढी शिवण, म्हणजे बारीक चीर, असेल तर ती तिथे उघडते. म्हणून वायर आधी सोलून किंवा घासून घेतात. त्याशिवाय सुमारे ६०० अंशांच्या वर टायटेनियम हवेतला ऑक्सिजन शोषून ठिसूळ कवच धरते. ते आम्लाने काढावे लागते, आणि आम्लाचे प्रमाण चुकले तर धातूत हायड्रोजन शिरतो. त्याची कमाल मर्यादा १०,००० भागांत सव्वा ते दीड भाग इतकी कडक आहे.

वितळवतानाचे दोष याहून मागे जातात. टायटेनियमचा स्पंज, म्हणजे खनिजापासून मिळणारा सच्छिद्र धातू, आपल्याकडे केरळमधील चवरा येथे बनतो. त्याच्या खनिजाची, इल्मेनाइटची, काळी वाळू रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे. स्पंज किंवा वितळलेला धातू नायट्रोजनच्या संपर्कात आला तर पिठल्यातल्या गुठळीसारखा एखादा कठीण कण न विरघळता राहतो. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटी येथे कोसळलेल्या डीसी-१० विमानाच्या इंजिनातल्या पंख्याची चकती अशाच दोषापासून सुरू झालेल्या चिरेमुळे फुटली. त्या अपघातात ११२ माणसे गेली. ती चकती याच ६-४ मिश्रधातूची होती.

'विमानाच्या दर्जाचे टायटेनियम' अशी जाहिरात करून फोन विकले जातात, आणि शरीरातील विद्युतप्रवाह सुधारणारी टायटेनियमची कडी विकली जातात. कड्यांच्या दाव्याला कोणताही वैज्ञानिक आधार नाही. फोनच्या जाहिरातीतल्या शब्दांना अर्थ असतो तो मिश्रधातूच्या नावापुरता, आणि ते नाव किती थोडे सांगते हे आपण पाहिले.

एका वेळी वितळवलेल्या धातूला हीट म्हणतात. तिची बीटा सीमा शोधण्यासाठी छोटे तुकडे काही अंशांच्या अंतराने वेगवेगळ्या तापमानांना तापवून पाण्यात विझवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ज्या तुकड्यात अल्फाचा एकही कण उरत नाही, तिथे सीमा. हा आकडा, ऑक्सिजनचे प्रमाण आणि हीटचा क्रमांक प्रमाणपत्रावर येतात, आणि हेडिंग करणारा माणूस ते वाचून आपले तापमान ठरवतो. कागद खोटा असेल तर तापमानाचा काटा त्याने कशाच्या भरवशावर लावायचा?