सहा आठवड्यांचा रहिवास: परदेशी घटस्फोट आणि भारतीय न्यायालयं

जानेवारी १९६५ मध्ये जालंधरच्या दंडाधिकाऱ्यांकडे एका बाईने पोटगीचा अर्ज केला. १९५५ साली लग्न झालेलं, पदरात दोन मुलं, नवरा १९५९ पासून अमेरिकेत. तिकडे तो शिकला, नोकरीला लागला, पण इकडे बायकोमुलांच्या पोटापाण्याची तजवीज काही केली नाही. अर्जावर त्याचं म्हणणं असं आलं की, ही आता माझी बायकोच नाही. ३० डिसेंबर १९६४ रोजी, म्हणजे अर्जाच्या जेमतेम तीन आठवडे आधी, अमेरिकेतल्या नेवाडा राज्याच्या कोर्टाने घटस्फोटाचा हुकूमनामा दिला आहे.

बाई नेवाडात कधी गेली नव्हती. नवराही तिथला नव्हता, त्याची नोकरी युटा राज्यात होती. मग नेवाडाच का?

तर १९३१ साली, मंदीच्या तडाख्यात, नेवाडाने घटस्फोटासाठी लागणाऱ्या रहिवासाची मुदत तीन महिन्यांवरून सहा आठवड्यांवर आणली. अमेरिकेतली बाकीची राज्यं त्या काळी घटस्फोट सहजासहजी देत नसत. त्यामुळे देशभरातून लोक रीनो शहराकडे येऊ लागले. त्यांच्यासाठी खाणावळी, लॉज, शहराबाहेरचे खास मुक्काम उभे राहिले. सहा आठवडे संपले की कोर्टात शपथेवर सांगायचं, ‘मी आता इथेच राहणार आहे.’ सोबत एक साक्षीदार लागे. बरेचदा तो मुक्कामाचा मालक किंवा मालकीणच असे. या गृहस्थांना मी सहा आठवडे रोज इथे पाहिलं आहे, एवढीच साक्ष. हुकूमनामा हाती पडला की अनेकजण लगोलग आपल्या गावची गाडी धरत.

हा रहिवास किती खरा, हा प्रश्न अमेरिकेतही टोकाला गेला होता. नॉर्थ कॅरोलायनातला एक दुकानदार आणि त्याच्या कारकुनाची बायको असे दोघे लास व्हेगासला सहा आठवडे राहिले, आपापले घटस्फोट घेऊन तिथेच एकमेकांशी लग्न लावून घरी परतले. घरी त्यांच्यावर दुसऱ्या लग्नाचा खटला भरला गेला. त्यांचं प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात दोनदा गेलं. १९४२ मध्ये शिक्षा रद्द झाली आणि १९४५ मध्ये कायम झाली. दुसऱ्या वेळी न्यायालयाने म्हटलं की, नेवाडाचं कोर्ट काहीही म्हणो, हे दोघे खरोखर तिथे स्थायिक झाले होते का हे त्यांच्या स्वतःच्या राज्याला तपासता येईल.

जालंधरच्या बाईला पहिल्या कोर्टाने पोटगी दिली, पण उच्च न्यायालयात ती हरली. हरण्यामागचं कारण आणखी जुनं आहे. १८९५ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश वसाहतींसाठीच्या लंडनमधल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, सिलोनमधून (आजच्या श्रीलंकेतून) आलेल्या ल मेझुरिए खटल्यात ठरवलं होतं की, लग्न मोडण्याचा अधिकार फक्त जोडप्याच्या अधिवासाच्या कोर्टाला. अधिवास म्हणजे नुसता मुक्काम नव्हे, तर जिथे कायमचं घर मानलं आहे ती जागा. हे ऐकायला रास्त वाटतं. मेख अशी की, त्या काळच्या कायद्यात बायकोला स्वतःचा अधिवास नव्हताच. नवऱ्याचा तोच तिचा. तो नेवाडाचा झाला की घरात बसलेली बाईही, तिला पत्ता नसताना, नेवाडाची झाली. मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत अन्यायाची गोष्ट हीच वाटते. पुढचा जवळपास प्रत्येक बदल ही गाठ सोडवण्यासाठीच झालेला दिसतो.

बाई सर्वोच्च न्यायालयात गेली. तिथे १ ऑक्टोबर १९७४ ला ‘सत्या विरुद्ध तेजा सिंग’ या नावाने या प्रकरणाचा निकाल लागला. निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी. त्यांनी नवऱ्याची शपथच तपासायला घेतली. नेवाडात त्याचं ना घर, ना नोकरी, ना तिथे राहण्याचा इरादा. घटस्फोटापुरता तो तिथे टेकला होता. अधिवासाबद्दल खोटं सांगून, म्हणजे कपटाने मिळवलेला हुकूमनामा म्हणून न्यायालयाने तो मानायला नकार दिला. बाईची पोटगी टिकली.

त्यासाठी हाताशी कायदा होता तो १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३. परदेशी निकाल एरवी अंतिम मानावा, पण काही वेळा मानू नये, असं ते सांगतं: कोर्टाला अधिकारच नसेल, गुणदोषांवर निकाल नसेल, भारताचा लागू असलेला कायदा डावलला असेल, नैसर्गिक न्याय (दोन्ही बाजूंना म्हणणं मांडायची संधी) पाळला नसेल, कपट असेल किंवा दाव्याचा पायाच भारतीय कायद्याच्या भंगावर असेल. कलम मुख्यतः पैशाच्या नि व्यापाराच्या दाव्यांच्या जमान्यातलं. लग्नाला ते ओढूनताणून लावावं लागतं, आणि याची जाणीव न्यायाधीशांनाही होती. म्हणूनच सत्या निकालात त्यांनी संसदेने स्वतंत्र कायदा करावा असं सुचवलं.

तोवर बाहेर बरंच बदललं होतं. ब्रिटनमध्ये १९६७ च्या इंडिका खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, एका चेक पत्नीला तिच्या मायदेशी मिळालेला घटस्फोट मान्य केला. नवरा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला असला तरी ती तिच्या देशातच राहत होती, त्या देशाशी तिचा खरा संबंध होता, तेवढं पुरलं. १९७० मध्ये घटस्फोटांच्या मान्यतेवर हेग इथे आंतरराष्ट्रीय करार झाला. १९७३ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीला स्वतःचा अधिवास मिळाला. आपल्या विधी आयोगाने १९७६ साली ६५ वा अहवाल याच विषयावर दिला, पण कायदा झाला नाही. हेगच्या त्या करारातही भारत सामील नाही.

कायद्याची ती जागा शेवटी सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने भरून काढली. ९ जुलै १९९१, ‘नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी’, निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं. लग्न १९७५ मध्ये तिरुपतीला झालेलं, संसार मोडला १९७८ मध्ये. नवऱ्याने अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातून १९८० मध्ये घटस्फोट मिळवला. नेवाडाचे सहा आठवडे होते, इथे नव्वद दिवस, आणि तेही केवळ घटस्फोटापुरते. पत्नीने समन्सला उत्तर पाठवलं होतं, पण तुमचं कोर्ट मला मान्य नाही असा निषेध नोंदवून. पुढे नवऱ्याने दुसरं लग्न केलं आणि तिने फौजदारी तक्रार केली.

न्यायालयाने नियम घालून दिला तो आजही चालतो. ज्या विवाह कायद्याखाली लग्न झालं, त्याच कायद्यातलं कारण आणि त्याच कायद्याने नेमलेलं कोर्ट. अपवाद तीन: विरुद्ध पक्ष कायमचा जिथे राहतो तिथल्या कोर्टाने त्या कायद्यातल्या कारणावर दिलेला घटस्फोट, विरुद्ध पक्ष आपखुशीने हजर होऊन त्याच कारणावर लढला तर, किंवा त्याने घटस्फोटाला संमती दिली तर. नुसतं समन्स मिळालं म्हणजे झालं असं नाही, हे न्यायमूर्ती सावंतांनी खास बजावलं. परदेशात जाऊन, वकील लावून लढणं विरुद्ध पक्षाला परवडतं का, याचाही विचार झाला पाहिजे. तालुक्याच्या गावी कुरिअरने इंग्रजी लखोटा येतो, आत अमुक दिवसांत उत्तर द्या असा हुकूम असतो, व्हिसा नाही, तिकिटाचे पैसे नाहीत. अशा घरासाठी या ओळी लिहिल्या गेल्या आहेत.

त्यातून आजची अडचणही निघाली. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२२ पासून कुणाचा दोष न दाखवता घटस्फोट मिळतो. अमेरिकेतही हेच चालतं. हिंदू विवाह कायद्यात मात्र ‘लग्न सावरण्यापलीकडे मोडलं’ हे कारण अजून नाही. २०२३ मध्ये घटनापीठाने ते मान्य केलं, पण घटनेच्या १४२ व्या कलमाखालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या खास अधिकारात. म्हणून तिकडचा एकतर्फी हुकूमनामा हातात असलेला माणूस लंडनमध्ये मोकळा आणि नागपुरात विवाहित असू शकतो. इथे त्याने दुसरं लग्न केलं तर गुन्हा.

दोघांच्या संमतीने झालेला घटस्फोट सहसा अडत नाही. आपल्याकडे परदेशी घटस्फोटाची नोंदणी करण्याची वेगळी खिडकी नाही. वाद असेल किंवा एखादं कार्यालय कागद मागत असेल, तर कुटुंब न्यायालयात वैवाहिक दर्जा जाहीर करून मिळण्याचा दावा लावावा लागतो. त्यात झेरॉक्स चालत नाही. नरसिंह राव प्रकरणात मिसूरीच्या निकालाची छायाप्रत पुरावा म्हणून टिकली नव्हती. त्या कोर्टाच्या सही-शिक्क्याची, रीतसर प्रमाणित नक्कल हवी, संमती दिली असेल तर सहीचा कागद हवा, आणि समन्स कोणत्या पत्त्यावर, कोणाच्या हाती पडलं याचा दाखला हवा.