चाइल्ड सपोर्ट भरला म्हणून मूल ‘डिपेंडंट’ होतं का?

अमेरिकेत फिरणारा एक जुना समज: घटस्फोटानंतर जो चाइल्ड सपोर्ट, म्हणजे मुलाच्या पालनपोषणाचे पैसे, भरतो, त्यालाच टॅक्स रिटर्नमध्ये मूल ‘डिपेंडंट’ (आपल्यावर अवलंबून असलेली व्यक्ती) दाखवून करसवलत घेता येते. दरमहा पैसे मोजणाऱ्याला तसं वाटणं साहजिकच आहे. पण तिथला केंद्रीय करकायदा आधी रात्री मोजतो. वर्षभरात मूल ज्या पालकाकडे जास्त रात्री राहिलं, साधारणपणे हक्क त्याचा. रात्री समसमान निघाल्या, तर ज्याचं समायोजित उत्पन्न जास्त त्याचा.

दुसऱ्या पालकाला तो हक्क हवा असेल, तर पहिल्याने फॉर्म ८३३२, म्हणजे हक्क सोडल्याचा करखात्याचा फॉर्म, सही करून द्यावा लागतो. गाडं अडतं ते इथेच, कारण २००८ नंतरच्या घटस्फोटात नुसता कोर्टाचा आदेश जोडून भागत नाही. शिवाय फॉर्म मिळाला तरी ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’चा (एकट्याने घर चालवणाऱ्याला कर कमी लागतो तो) दर्जा त्यासोबत येत नाही. भरलेल्या चाइल्ड सपोर्टची वजावटही मिळत नाही. पडताळायचं असेल तर कॅलेंडर घेऊन रात्री मोजा आणि फॉर्म ८३३२ सोबतच्या सूचना वाचा.