मूड बोर्ड म्हणजे सुंदर चित्रांची गोधडी नव्हे

‘पिंटरेस्टवरची आवडतील तेवढी चित्रं चिकटवली की ब्रँडचा मूड बोर्ड तयार’ हा समज चुकीचा आहे. मूड बोर्ड म्हणजे ब्रँडचे रंग, पोत आणि अक्षरं कशी असावीत हे डिझायनरला दाखवणारा नमुन्यांचा फलक. ६० चित्रं पाहून डिझायनरला दिशा सापडत नाही, उलट नेमकं काय हवंय हेच कळेनासं होतं.

गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आगळ (कोकमाचा घट्ट रस) आणि सोलं (वाळवलेली कोकमं) विकणारा धंदा घ्या. आधी ३ विशेषणं ठरवा: आंबट, घरगुती, नितळ. त्यांत न बसणारी चित्रं वगळत १२-१५ वर या. उरलेल्या प्रत्येकाखाली ते कशासाठी ठेवलं ते लिहा: रंग, पोत की अक्षर. माड आणि समुद्रकिनारा बहुधा गळतील, गळू द्यात. आगळाशी त्यांचा काय संबंध? जुन्या देवळांतली कावी कला, पांढऱ्या चुन्यावरची तांबडी नक्षी, इथे जास्त बोलते.

रंग ४-५ पुरेत, पण ते पडद्यावर ठरवू नका. मोबाइलवरचा झगझगीत निळा चाररंगी छपाईत मळतो. खाकी क्राफ्ट कागदावर वेगळी पांढरी शाई वापरली नाही, तर पांढऱ्या जागी कागदच दिसतो. म्हणून लेबलचा खरा कागद आणि बाटलीचं झाकणही बोर्डावर लावा. देवनागरी फाँट ६ पॉइंट इतक्या बारीक आकारात छापून बघा; जोडाक्षरं तिथेच बुजतात.